बाळाच्या चार फुफ्फुसशिरा जातात कुठे?

हृदयाचा जन्मजात आजार म्हटला की इंदुरात मराठी घरांतही तोंडी पहिल्यांदा येतं ते ‘दिल में छेद’. छिद्र असलं की पुष्कळदा डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला आवाज लागतो, मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते आणि आजार सापडतो. मी ज्या दोषाबद्दल लिहिते आहे त्यात गोष्टी इतक्या सरळ घडत नाहीत. झडपा धड असतात, खालचे दोन्ही कप्पे जागच्या जागी असतात, आवाज अनेकदा येतच नाही. चुकलेला असतो तो फुफ्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांचा रस्ता. वेळेवर ओळखला तर एका शस्त्रक्रियेनंतर बहुतेक मुलं शाळेत जातात, धावतात, मोठी होतात. चारही शिरा चुकलेल्या असतील आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर बहुतेक बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. म्हणून हा दोष कसा ओळखतात, ओळखताना कुठे अडतं आणि आई-बाबांनी नेमकं काय विचारावं, ते सविस्तर सांगते.

आधी निरोगी बाळाचं पाहू. शरीरभर फिरून प्राणवायू देऊन झालेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. उजवी बाजू ते फुफ्फुसांत पाठवते. तिथे ते पुन्हा लालभडक होतं आणि चार शिरांतून परत फिरतं: दोन उजव्या फुफ्फुसातून, दोन डाव्या. या चार फुफ्फुसशिरा, डॉक्टरांच्या बोलण्यातल्या पल्मोनरी व्हेन्स, हृदयाच्या मागच्या अंगानं डाव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या अलिंदात, उघडतात. अलिंदातून रक्त खालच्या डाव्या निलयात उतरतं आणि तिथून सगळ्या शरीराला जातं.

गर्भात मात्र या शिरांची सुरुवात निराळी असते. फुफ्फुसांच्या कोंबांभोवती शिरांचं एक जाळं असतं आणि ते सुरुवातीला हृदयाला नव्हे, तर शरीराच्या मोठ्या शिरांना जोडलेलं असतं. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना, जेव्हा आईला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं, डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीतून एक लहानशी शीर फुटते आणि त्या जाळ्याला जाऊन मिळते. ती मिळाली की जुने जोड सुकतात. ती मिळालीच नाही, तर जुन्यांपैकी एखादा रस्ता तसाच राहतो, रुंद होत जातो आणि फुफ्फुसांतलं शुद्ध रक्त भलतीकडे, उजव्या बाजूला, वाहू लागतं. आईनं ग्रहणात काय चिरलं, कोणतं फळ खाल्लं, याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. सुनेवर असा ठपका ठेवणारी घरं अजून आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

चारही शिरा चुकल्या असतील तर त्याला टोटल अ‍ॅनॉमलस पल्मोनरी व्हीनस कनेक्शन म्हणतात, तोंडी भाषेत टीएपीव्हीसी. एखाद-दुसरीच चुकली असेल तर पार्शल, म्हणजे पीएपीव्हीसी. दर हजार जन्मांत साधारण 8 ते 9 बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, आणि अशा शंभर बाळांत एक ते तीन बाळांना टीएपीव्हीसी असतो. आजार विरळा आहे खरा, पण इंदूरसारख्या शहरात, जिथे झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, धारपासूनची बाळं उपचारासाठी येतात, तो कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला अपरिचित राहत नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. टीएपीव्हीसीमध्ये फुफ्फुसांतून एक थेंबही थेट डाव्या बाजूला येत नाही. मग बाळ जगतं कसं? दोन अलिंदांच्या मधल्या पडद्यात छिद्र असतं म्हणून. लाल आणि निळं रक्त उजवीकडे एकत्र मिसळतं आणि त्या मिश्रणातलं काही या छिद्रातून डावीकडे जाऊन शरीराला मिळतं. म्हणजे ज्या छिद्राची सगळ्यांना धास्ती, तेच इथे बाळाचा श्वास टिकवून धरतं. इको करणाऱ्यानं घाईत फक्त ‘वरच्या पडद्यात छिद्र, उजवी बाजू फुगलेली’ एवढं पाहिलं आणि तिथेच थांबला, तर खरा आजार मागे राहतो. निदान हुकण्याचा हा ठरलेला रस्ता आहे आणि लेखात पुढे त्याकडे पुन्हा यावं लागेल.

चुकलेल्या शिरा कुठे जातात त्यावरून टीएपीव्हीसीचे प्रकार पाडतात. ही विभागणी 1957 पासून चालत आली आहे. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात चारही शिरा हृदयामागे एकत्र येतात आणि एक उभी शीर त्यांचं रक्त वर, मानेच्या बाजूला, मोठ्या शिरेत नेऊन सोडते. दुसऱ्यात रक्त थेट हृदयातच, पण उजव्या अलिंदात किंवा त्याला मिळणाऱ्या कोरोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या शिरांचं रक्त आणणाऱ्या वाहिनीत, पडतं. तिसऱ्यात ती शीर अन्ननलिकेबरोबर छाती-पोटातल्या पडद्यातून खाली उतरून यकृताच्या शिरांना मिळते. थोड्या बाळांत दोन-तीन तऱ्हा एकत्र असतात.

या प्रकारांपेक्षाही बाळाचं भवितव्य ठरतं ते एका प्रश्नावर: रस्त्यात कुठे अडथळा आहे का?

अडथळा असलेलं बाळ

खाली यकृताकडे जाणाऱ्या प्रकारात अडथळा जवळजवळ नेहमीच असतो. जन्मानंतर यकृतातली एक वाहिनी बंद होते आणि रक्ताला पुढे जायला वाटच उरत नाही. वर जाणाऱ्या प्रकारातही ती उभी शीर कधी कधी डावी श्वासनलिका आणि फुफ्फुसाची धमनी यांच्यात दाबली जाते. रक्त फुफ्फुसांतच तुंबतं आणि फुफ्फुसं पाण्यानं भरतात.

दिसतं काय? पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ. पहिले काही तास बरे जातात, मग श्वास वाढतो, बाळ निळं पडतं, प्राणवायू देऊनही रक्तातल्या प्राणवायूच्या टक्क्यांचा आकडा हलत नाही. छातीचा एक्स-रे धुरकट दिसतो. हाच एक्स-रे निमोनियात दिसू शकतो, कमी दिवसांच्या बाळाच्या कच्च्या फुफ्फुसांत दिसू शकतो. फुफ्फुसांतला दाब उतरलेलाच नाही, अशा बाळांचं चित्रही बाहेरून असंच असतं. म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, व्हेंटिलेटर लागतो आणि दोन दिवस हातातून निघून जातात.

एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, डॉक्टरांच्या मनात शंका येते ती अशा वेळी: दिवस पूर्ण भरलेत, आईला ताप नव्हता, पाणी लवकर फुटलं नव्हतं, बाळानं पोटात शी केलेली नव्हती, आणि तरी फुफ्फुसं इतकी वाईट का? एक्स-रेत फुफ्फुसं भरलेली पण हृदय लहानसंच, हे तर ठळक लक्षण आहे, कारण हृदय निकामी होऊन पाणी भरलं असतं तर हृदय मोठं दिसलं असतं. शंभर टक्के प्राणवायू देऊन धमनीतल्या रक्ताची तपासणी करतात. आजार केवळ फुफ्फुसाचा असेल तर आकडा बहुधा चांगला वर चढतो, इथे चढत नाही. हे जुळलं की त्याच रात्री इको व्हायला हवी, सकाळची वाट पाहू नये. या प्रकारात शस्त्रक्रियाही तातडीची असते आणि तासागणिक फरक पडतो. इतर काही हृदयदोषांत बाळाला जगवणारं प्रोस्टाग्लँडिनचं औषध इथे फुफ्फुसांतलं तुंबणं वाढवूही शकतं. उपचार नेमक्या निदानावर अडलेला असतो तो असा.

अडथळा नसलेलं बाळ

हे बाळ घरी जातं, बारसंही होतं. मग आजीच्या लक्षात येतं की बाळ बाळसं धरत नाही. दूध ओढताना मध्येच थांबतं, धापा टाकतं, थंडीतही कपाळावर घाम येतो, थोडं पिऊन झोपतं आणि परत भुकेनं रडतं. वजन वाढत नाही. दर महिन्याला छाती भरते. दूध पिताना कपाळावर येणारा घाम हा माझ्या मते आई आणि आजीनं सांगितलेल्या लक्षणांतला सर्वांत मोलाचा. डॉक्टरांसमोर तो दिसतोच असं नाही, कारण बाळ तिथे दूध पीत नसतं. तेव्हा विचारलं नाही तरी सांगा.

माळव्यात याला ‘पसली चल रही है’ म्हणतात. झाबुआ-अलीराजपूरकडे अशा बाळांच्या पोटाला किंवा छातीला गरम सळईनं डाम देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. शहरात डाम देत नाहीत, पण वाफ आणि खोकल्याच्या औषधात महिने घालवतात. दोन-तीनदा छाती भरली आणि वजन वाढत नसेल, तर हृदयाची तपासणी हवीच.

निळेपणाबद्दल एक खोल समजूत आहे की हृदयाचं बाळ निळं दिसतंच. तसं नाही. निळा रंग डोळ्याला दिसायला रक्तात प्राणवायू नसलेलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी साठावं लागतं. फुफ्फुसांतून भरपूर रक्त वाहत असलेल्या या बाळांचा आकडा 85 ते 90च्या आसपास, कधी त्याहूनही बरा असतो, आणि तेवढी कमतरता सावळ्या कातडीत सहज लपते. शिवाय दोन-तीन महिन्यांच्या प्रत्येक बाळाचं हिमोग्लोबिन आपोआप उतरतं, त्यामुळे निळेपणा आणखीच झाकला जातो. बघायचंच असेल तर जीभ आणि हिरड्या बघा, दिवसाच्या उजेडात. हातापायांची नखं थंडीनंही निळी होतात.

डोळ्यापेक्षा पल्स ऑक्सिमीटर भरवशाचा. कोविडनंतर घराघरांत आलेला मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाला लावू नका, तो भलतेच आकडे देतो. बाळाचा प्रोब पट्टीसारखा तळव्याला गुंडाळायचा असतो. जन्मानंतर 24 तासांनी, बाळ घरी जाण्याआधी, उजव्या हाताला आणि एका पायाला आकडा बघतात. दोन्हीकडे 95 किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक 3 पेक्षा अधिक नाही, तर ठीक. कुठेही 90च्या खाली आला तर लगेच पुढची तपासणी. मधला आला तर तासाभरानं पुन्हा. अमेरिकेनं ही तपासणी 2011 मध्ये सर्व नवजात बाळांसाठी सुचवली, आणि तिनं पकडायच्या प्रमुख दोषांच्या यादीत टीएपीव्हीसी आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, एवढ्या उंचीनं आकडा उतरत नाही. म्हणजे ‘आपल्याकडे असंच येतं’ हे उत्तर कुणी दिलं तर मान्य करू नका. प्रसूतिगृहातून निघताना ‘हाताला आणि पायाला ऑक्सिजन बघितला का, किती आला?’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. मात्र आकडा चांगला आला म्हणून हा दोष नाहीच असं समजू नये. अडथळा नसलेली काही बाळं या चाळणीतून निसटतात.

इकोत काय बघतात

निदानाचा खरा आधार इको. सुई नाही, किरणं नाहीत, दुखत नाही. छातीवर जेल लावून अर्धा-पाऊण तास बघावं लागतं. बाळ रडत असेल तर चित्र हलतं, म्हणून झोपेचं औषध देतात. औषध द्यायचं असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते केंद्रातूनच विचारून घ्या, स्वतः ठरवू नका.

टीएपीव्हीसीत डावा अलिंद लहान आणि उजवी बाजू मोठी दिसते. छिद्रातून रक्ताचा रंग उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो. साध्या छिद्रात तो उलटा, डावीकडून उजवीकडे असतो. ही दिशा पाहिली की अनुभवी माणूस तिथेच सावध होतो आणि शिरा शोधू लागतो. डाव्या अलिंदाच्या मागे, त्याला न जोडलेली, शिरा एकत्र आल्याची एक पोकळी दिसते. मग तिथून रक्त जातं कुठे ते शोधायचं. गळ्याच्या खाचेत प्रोब, म्हणजे इकोचं हातातलं यंत्र, ठेवला तर वर जाणारी उभी शीर दिसते आणि तिच्यातलं रक्त प्रोबकडे येत असल्यामुळे लाल रंगात उमटतं. त्याच जागी दुसरी एखादी जास्तीची शीर असेल तर तिच्यातलं रक्त खाली हृदयाकडे जातं आणि निळं दिसतं. पोटावर प्रोब ठेवल्यावर पडद्यातून खाली उतरणारी अनोळखी वाहिनी दिसली तर तिसरा प्रकार. कोरोनरी सायनस फुगलेला असेल तर दुसरा. डॉप्लरनं वेग मोजतात: निरोगी फुफ्फुसशिरेतलं रक्त हृदयाच्या ठोक्यांबरोबर लाटेसारखं वरखाली होतं, अडथळ्यापुढे मात्र ते एकसारखं आणि जोरात वाहतं.

गळ्याच्या खाचेतूनच एक दृश्य मिळतं, त्याला क्रॅब व्ह्यू म्हणतात: मध्ये डावा अलिंद खेकड्याच्या अंगासारखा आणि त्याला चार बाजूंनी येऊन मिळणाऱ्या चार शिरा. ते दिसलं तर निश्चिंत. माझं ठाम मत आहे की बाळाच्या इकोच्या रिपोर्टमध्ये चारही फुफ्फुसशिरा कुठे उघडतात याची ओळ असलीच पाहिजे. नसेल तर आई-बाबांनी विचारावं: ‘चारही पल्मोनरी व्हेन्स डाव्या बाजूला जाताना दिसल्या का?’ हा प्रश्न डॉक्टरांचा अपमान करत नाही. त्यांना प्रोब पुन्हा एकदा गळ्यापाशी न्यावासा वाटला तर त्यात बाळाचंच भलं आहे. तान्ह्या बाळाची इको शक्य तेव्हा मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावी. मोठ्यांच्या हृदयात फुफ्फुसशिरांचा रस्ता चुकलेला असल्याची शंका सहसा घ्यावी लागत नाही, त्यामुळे तिथे नजर त्या दिशेला तेवढी वळलेली नसते.

इकोनं उत्तर पूर्ण मिळालं नाही, शिरा वेगवेगळ्या ठिकाणी जात असतील किंवा अरुंद भाग कुठे आहे ते कळत नसेल, तर सीटी अँजिओग्राफी करतात. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात शिरा उठून दिसाव्यात असं औषध, देऊन काही सेकंदांत चित्र निघतं आणि संगणकावर शिरांचा पूर्ण नकाशा उभा राहतो. किरणोत्सर्ग होतो, पण लहान मुलांसाठी मात्रा कमी ठेवता येते. एमआरआयमध्ये किरणं नाहीत आणि कोणत्या बाजूला किती रक्त वाहतं ते मोजता येतं, मात्र वेळ जास्त लागतो आणि लहान मुलाला गाढ झोपवावं लागतं. पूर्वी निदानासाठी सर्रास वापरलं जाणारं कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, आता मुख्यतः फुफ्फुसांतला दाब मोजायला किंवा अरुंद शीर फुग्यानं रुंद करायला वापरतात. मोठ्या बाळाच्या एक्स-रेत वरचा भाग फुगून इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी आकृती दिसते असं पुस्तकांत असतं, तिला हिममानव म्हणतात. नवजात बाळात ती क्वचितच दिसते, तेव्हा तिच्या भरवशावर कुणी राहू नये.

एखादीच शीर चुकलेली असेल तर

पीएपीव्हीसीची मुलं वरून ठणठणीत असतात. शाळेच्या तपासणीत हलका आवाज ऐकू येतो किंवा दुसऱ्याच कारणानं केलेल्या इकोत उजवी बाजू मोठी दिसते. इथे निदानाची किल्ली एकच: उजवी बाजू मोठी आहे आणि त्याला पुरेसं छिद्र सापडत नाही, तर शिरा मोजा. पुष्कळदा उजव्या फुफ्फुसाची वरची शीर मोठ्या वरच्या शिरेत उघडते आणि सोबत पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला छिद्र असतं. हे छिद्र नेहमीच्या कोनातून बघितलं तर चुकतंच, ते बाजूनं शोधावं लागतं. एकच शीर चुकलेली असेल आणि हृदयावर ताण नसेल, तर पुष्कळ मुलांना फक्त वेळोवेळी तपासणी पुरते. इथे घाबरून जायचं कारण नाही.

उजव्या फुफ्फुसाची शीर खाली मोठ्या शिरेत गेलेली असेल तर एक्स-रेत हृदयाच्या उजव्या कडेला वाकड्या तलवारीसारखी सावली दिसते. यात उजवं फुफ्फुस लहान असतं आणि हृदय उजवीकडे सरकलेलं असतं, त्यामुळे आधी सगळ्यांचं लक्ष फुफ्फुसाकडे जातं.

कमी दिवसांच्या बाळांचं वेगळं सांगायला हवं. त्यांच्या शिरा बरोबर जागी उघडतात, पण पुढे काही महिन्यांत अरुंद होऊ शकतात, विशेषतः फुफ्फुसं दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या. आधीची इको नॉर्मल असली तरी ती त्या दिवसापुरती. प्राणवायूची गरज सुटत नसेल तर पुन्हा इको करून शिरा बघतात.

पोटात असतानाच का कळत नाही?

सोनोग्राफीत सगळं नॉर्मल होतं, मग हे कसं, हा आई-बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पोटातलं बाळ फुफ्फुसांनी श्वास घेत नाही, त्यामुळे फुफ्फुसांकडे रक्त थोडंच जातं. शिरा बारीक, प्रवाह कमी, आणि चार कप्प्यांचं नेहमीचं चित्र जवळजवळ नॉर्मल. म्हणून चांगल्या हातांतूनही हा दोष निसटतो. कुटुंबात आधी हृदयदोष असेल किंवा अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाच्या अवयवांतले दोष पाहणाऱ्या सोनोग्राफीत, शंका आली असेल तर 18 ते 24 आठवड्यांत फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची इको, करतात. त्यात डावा अलिंद आणि त्यामागची महाधमनी यांच्यातलं अंतर वाढलेलं आहे का, मागची भिंत शिरांच्या तोंडांशिवाय गुळगुळीत आहे का, कुठे जास्तीची वाहिनी आहे का, ते पाहतात.

इंदुरात आधी कुठे जायचं? तुमच्या बालरोगतज्ज्ञाकडे. खर्चाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांचे दोष लवकर ओळखून उपचाराला पाठवणाऱ्या सरकारी केंद्रात. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात दोषांची तपासणी होते आणि पुढे उपचाराला पाठवतात. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आणि आयुष्मान कार्ड यांतलं तुमच्या बाळाला काय लागू होतं, तेही तिथेच विचारा. दुसऱ्या शहरात जावं लागलं तर नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. इकोच्या चित्रफिती पेन ड्राइव्हवर मागून घ्या. शल्यविशारद त्या स्वतः पाहतात, आणि नाजूक बाळाची तीच तपासणी दुसऱ्यांदा करावी लागत नाही.

शस्त्रक्रियेत शिरांची पोकळी डाव्या अलिंदाला जोडतात आणि छिद्र बंद करतात. त्यानंतरही शिरांचं निदान संपत नाही. दहा-पंधरा टक्के बाळांत जोडलेली जागा किंवा शिरा पुन्हा अरुंद होतात, बहुतेकदा पहिल्या वर्षात. म्हणून इकोच्या तारखा चुकवू नका. मधल्या काळात श्वास वाढला, दूध कमी झालं किंवा पुन्हा कपाळावर घाम येऊ लागला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा.